उंदरांच्या पहाऱ्यात मांजर: १८७० च्या पॅरिसमधल्या नाताळच्या जेवणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ जवळ आला की एक जुनं मेन्यूकार्ड हातोहात फिरायला लागतं. वरच्या ओळीत तारीख, २५ डिसेंबर १८७०, आणि तिच्याशेजारी ‘वेढ्याचा ९९ वा दिवस’. प्रशिया या जर्मन राज्याच्या फौजांनी तेव्हा पॅरिसला वेढा घातला होता. खाली हत्तीचं सूप, उंटाचा रोस्ट, लांडग्याची तंगडी, उंदरांच्या पहाऱ्यात मांजर. वाचणारा आधी हसतो, मग अंगावर काटा येतो, मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. हा विषय मला फार जवळचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

हा मेन्यू खरा आहे की कोणीतरी नंतर रचलेली थट्टा?

मेन्यू खरा आहे. पॅरिसच्या र्‍यू सांतोनोरेवर, २६१ क्रमांकाच्या जागेत, व्वाझँ नावाचं नामांकित रेस्टॉरंट होतं. तळघरातल्या वाइनसाठी ते विशेष ओळखलं जायचं. तिथला मुख्य स्वयंपाकी होता अलेक्झांद्र शोरों. हा मेन्यू त्याचा.

एक बारकावा लक्षात ठेवा. वेढा १९ सप्टेंबरपासून मोजला तर २५ डिसेंबर हा ९८ वा दिवस येतो. व्वाझँवाल्यांनी मोजणी एक दिवस आधीपासून धरलेली दिसते. एवढ्यावरून कार्ड खोटं ठरत नाही. शहराचे रस्ते एकेक करून बंद होत गेले होते, त्यामुळे कोंडलेल्या माणसाने पहिला दिवस कुठला धरला यात असा फरक पडणारच.

पूर्ण यादीत काय काय होतं?

सुरुवातीला लोणी, मुळे, सार्डिन मासे आणि सारण भरलेलं गाढवाचं मुंडकं. सूप दोन: राजम्याचं घट्ट सूप, तळलेल्या पावाच्या तुकड्यांसह, आणि हत्तीचं निवळ सूप. मग तळलेले छोटे नदीचे मासे, इंग्लिश पद्धतीने भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा आणि मिरीच्या सॉससोबत अस्वलाच्या भाजलेल्या बरगड्या. त्यानंतर हरणाच्या सॉससह लांडग्याची तंगडी, उंदरांनी वेढलेलं मांजर, हिरव्या पाल्याचं सॅलड, ट्रफल हे सुगंधी भूछत्र घातलेलं अँटिलोपचं (हरणासारखा प्राणी) टेरीन, म्हणजे साच्यात शिजवलेलं मांस, बोर्दो पद्धतीचे मशरूम, लोण्यातले मटार. गोडात जॅम घातलेला तांदळाचा केक आणि शेवटी ग्रुयेर चीज.

वाइनची यादी वाचून तर चक्रावायला होतं. १८४६ ची मूतों रोत्शील्ड, १८५८ ची रोमानी काँती, १८६१ ची लातूर ब्लाँश, १८६४ ची पामर, थंडगार बोलँजे शँपेन आणि १८२७ ची पोर्ट. मांस संपलं होतं, तळघर भरलेलं होतं. वेढ्यातल्या पॅरिसची खरी अवस्था या दोन याद्यांच्या मधल्या फटीत दिसते. शहरात दारू शेवटपर्यंत मिळत राहिली. टंचाई होती ती दूध, लोणी, भाजी, सरपण आणि मांस यांची.

पॅरिसवर ही वेळ आलीच कशी?

जुलै १८७० मध्ये फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. २ सप्टेंबरला सेदाँ इथे सम्राट तिसरा नेपोलियन सैन्यासह शरण गेला. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि १९ तारखेला प्रशियाच्या फौजांनी शहर चहूबाजूंनी आवळलं. आत सुमारे वीस लाख माणसं होती.

तयारी झालीच नव्हती असं नाही. ब्वा द बूलोन्यच्या विस्तीर्ण बागेत मेंढ्या आणि गुरं आणून सोडली होती. आकडा सांगतात तो अडीच लाख मेंढ्या आणि चाळीस हजार गुरांचा. पण वेढा इतका लांबेल असं कुणी धरलं नव्हतं, आणि दुभत्या जनावरांकडे तर दुर्लक्षच झालं. त्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. ऑक्टोबरमध्ये मांसाचं रेशनिंग सुरू झालं. बाहेरच्या जगाशी संपर्क उरला तो फुग्यांचा आणि कबुतरांचा. फुग्यातून पत्रं गेली, ऑक्टोबरमध्ये मंत्री लेओं गांबेताही गेला. धान्य मात्र असं आत आणता येत नव्हतं.

एवढे परदेशी प्राणी शहरात आले कुठून?

प्राणिसंग्रहालयातून. आणि इथे या गोष्टीला एक विलक्षण वळण आहे.

ब्वा द बूलोन्यमध्ये १८६० साली ‘जार्दँ दाक्लिमातास्यों’ नावाची बाग उघडली होती. तिच्यामागे होता इझिदोर जोफ्र्वा सँ-तिलेर हा प्राणिशास्त्रज्ञ. त्याने १८५४ मध्ये एक संस्था काढली होती. दूरदेशीचे प्राणी फ्रान्सच्या हवेत रुळवायचे, वाढवायचे आणि जे उपयोगी ठरतील ते कामाला, लोकरीला किंवा ताटाला लावायचे, हा तिचा उद्देश. म्हणजे कांगारू आणि अँटिलोप फ्रेंच माणसाच्या पानात वाढायचं स्वप्न वेढ्याच्या कितीतरी आधीपासून, भरल्या पोटी, पूर्ण गांभीर्याने पाहिलं गेलं होतं. ते खरं झालं, पण कसं! वेढ्यात वैरण संपली, प्राणी पोसणं अशक्य झालं, आणि बागेचा संचालक असलेल्या इझिदोरच्याच मुलाच्या कारकिर्दीत ते खाटकांना विकले गेले.

त्या सूपमधला हत्ती म्हणजे कॅस्टर आणि पोलक्सच ना?

हे समीकरण सगळीकडे मांडलेलं दिसतं, पण तारखा जुळत नाहीत. कॅस्टर आणि पोलक्स हे पॅरिसचे लाडके हत्ती. त्यांच्या पाठीवर बसून मुलं बागेत फेरफटका मारायची. त्यांना गोळ्या घातल्या गेल्या त्या २९ आणि ३० डिसेंबरला. व्वाझँचं जेवण २५ तारखेचं. त्यामुळे नाताळच्या त्या सूपमध्ये या दोघांपैकी कुणीही असणं शक्य नाही. छापील मेन्यू म्हणजे पातेल्यात काय शिजलं याचा पुरावा नव्हे, एवढं भान हे कार्ड वाचताना ठेवावं.

हत्तींचं पुढे काय झालं याची नोंद चांगली आहे. बुलवार ओस्मानवरच्या ‘बूशरी आंग्लेज’ या दुकानाच्या मालकाने दोन्ही हत्ती २७,००० फ्रँकना घेतले. लेखक एदमों द गोंकूर ३१ डिसेंबरला त्या दुकानात गेला होता. त्याने रोजनिशीत लिहिलेलं दृश्य असं: भिंतीवर मानाच्या जागी कोवळ्या पोलक्सची सोललेली सोंड टांगलेली. आजूबाजूला नाव न सांगता येणारी मांसं आणि विचित्र शिंगं. एक पोऱ्या उंटाचे गुर्दे विकतोय. मालकाभोवती बायकांचा घोळका, आणि तो भाव सांगतोय, सोंड चाळीस फ्रँक पौंड. महाग वाटतं? अहो, मलाच यात काय सुटणार कळत नाही. तीन हजार पौंड निघेल असा अंदाज होता, निघालं फक्त तेवीसशे. काळीज पंचवीस पौंडांचं भरलं. आणि रक्ताचं सॉसेज घ्याच, त्यात कांदा घातलाय.

गोंकूरने हत्ती घेतला नाही. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला दोन चंडोल घेऊन तो घरी गेला.

मला या सगळ्या प्रकरणात तो कांदा सर्वांत जास्त लक्षात राहतो. शहराच्या तटाबाहेर शत्रू, भिंतीवर सोंड, आणि दुकानदार आपल्या मालाची तारीफ करताना कांद्याचा उल्लेख विसरत नाही. यात क्रौर्य नाही. रोजचा धंदा करणारा माणूस आहे, हाताशी जे आलं तेच विकतो आहे.

सगळं पॅरिस नाताळला असंच जेवलं का?

नाही, आणि हा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो.

हिशेब करून पाहा. नॅशनल गार्ड या नागरिकांच्या सेनेतल्या शिपायाला रोज दीड फ्रँक मिळायचा, आणि कित्येक घरं तेवढ्यावरच चालत होती. सोंडेचा भाव चाळीस फ्रँक पौंड. म्हणजे एक पौंड सोंडेसाठी जवळपास सत्तावीस दिवसांची कमाई. अस्वलाच्या बरगड्या आणि अँटिलोपचं टेरीन ज्यांच्या ताटात पडलं ते मूठभर लोक होते.

बाकीच्यांचा नाताळ रांगेत गेला. त्या वर्षी हिवाळा कमालीचा कडक होता. सरपणासाठी झाडं, कुंपणं, बाकं तोडली जात होती. बायका पहाट व्हायच्या आधीपासून खाटकाच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि हातात पडायचं ते माणशी तीस ग्रॅमच्या आसपास घोड्याचं मांस. चित्रकार एद्वार माने तेव्हा नॅशनल गार्डमध्ये होता. खाटकाच्या दुकानापुढच्या रांगेचं त्याचं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, आहे: पावसात दाटीने उभ्या बायका, छत्र्यांचं एकमेकांत अडकलेलं छप्पर, चेहरा जवळजवळ एकीचाही दिसत नाही. व्वाझँचं कार्ड पाहिलं की हे चित्रही पाहावं असा माझा आग्रह असतो.

नाताळच्या चारच दिवस आधी, २१ डिसेंबरला, पॅरिसजवळच्या ल बूर्जेला वेढा फोडायचा प्रयत्न फसला होता. शिपाई उघड्यावर गारठत होते. त्या रविवारी शहरात सणाचं वातावरण नव्हतं.

घोड्याचं मांस फ्रेंच लोक आधीपासून खात होते ना?

कायदेशीररीत्या चारच वर्षं. पॅरिसमध्ये घोड्याच्या मांसाचं पहिलं परवानगी असलेलं दुकान जुलै १८६६ मध्ये उघडलं. गरिबांना स्वस्त मांस मिळावं म्हणून एमिल देक्र्वा या लष्करी पशुवैद्याने आणि वर उल्लेख आलेल्या इझिदोरने त्याचा जोरदार प्रचार केला होता. तरी सामान्य माणूस नाक मुरडत होता. वेढ्याने ते नाक सरळ केलं. त्या चार महिन्यांत पासष्ट-सत्तर हजार घोडे खाल्ले गेले असं मानलं जातं. त्यात रशियाच्या झारने तिसऱ्या नेपोलियनला भेट दिलेले दोन उमदे घोडेही होते.

व्हिक्टर ह्यूगोच्या टिपणांत २९ डिसेंबरची एक नोंद आहे. तेओफील गोतिए या कवीचा घोडा जप्त झाला होता, तो खायला नेणार होते. गोतिएने ह्यूगोला चिठ्ठी पाठवली: याला जीवदान मिळवून द्या. ह्यूगोने मंत्र्याकडे शब्द टाकला. एका कवीने दुसऱ्या कवीकडे घोड्यासाठी दयेचा अर्ज करायचा, आणि हे त्या शहरात कुणाला चमत्कारिक वाटत नव्हतं.

कुत्रा, मांजर, उंदीर खरंच खाल्ले गेले?

हो. कुत्र्या-मांजरांची खास दुकानं निघाली होती, असं माने आपल्या बायकोला पत्रात कळवतो. शहराच्या सभागृहापुढच्या चौकात उंदरांचा बाजार भरायचा.

पण उंदराबाबत सावध राहा. पॅरिसने वेढ्यात उंदरांवर दिवस काढले, ही नंतर फुगलेली दंतकथा आहे. उंदरापासून रोग होतो ही धास्ती होती, आणि तो खाण्याजोगा करायला लागणारं लोणी-मसाला गरिबाकडे कुठून असणार? त्यामुळे उंदीर हा बराचसा हौशी आणि पैसेवाल्यांचा पदार्थ राहिला.

चवीबद्दल कुणी लिहून ठेवलं आहे का?

सर्वांत मोकळेपणाने लिहिलं ते हेन्री लाबुशेरने. लंडनच्या ‘डेली न्यूज’चा हा बातमीदार वेढ्यात अडकला होता आणि त्याचा मजकूर फुग्यातून बाहेर जायचा. पोलक्सचा तुकडा त्याने खाल्ला आणि लिहिलं की मांस चिवट, जाडंभरडं आणि तेलकट आहे. गाय-मेंढी मिळत असेल तोवर इंग्लिश कुटुंबांनी हत्तीच्या वाटेला जाऊ नये. उंदराचा रस्सा त्याला उत्तम वाटला, बेडूक आणि ससा यांच्या मधली चव. गाढवाची तर त्याने तारीफच केली.

कुत्र्याबद्दलची त्याची नोंद जरा थांबून वाचण्यासारखी आहे. स्पॅनियलचा तुकडा चवीला कोकरासारखा, अजिबात वाईट नव्हता. पण खाताना आपण नरभक्षक आहोत असं वाटलं, असं तो कबूल करतो. आणि लगेच पुढे जाणकारांचं मत देतो: पूडल सर्वांत चांगला, बुलडॉग टाळावा. अपराधी भावना आणि पाककृतीची टीप अशी एका दमात आली की वाचणाऱ्याला हसू येतं आणि ते घशातच अडकतं.

ह्यूगोला प्राणिसंग्रहालयातून अस्वल, हरीण, अँटिलोप यांचं मांस भेट म्हणून आलं होतं. तरी ३० डिसेंबरला तो लिहितो की आता घोडासुद्धा राहिला नाही; कुत्रा असेल, उंदीर असेल, पोट दुखायला लागलंय, आपण अज्ञात काहीतरी खातो आहोत.

कोणते प्राणी वाचले?

वाघ-सिंह वाचले, कारण त्यांना हात कोण लावणार? माकडं वाचली, माणसाशी असलेलं साम्य आड आलं असं सांगतात. पाणघोड्याची किंमत ८०,००० फ्रँक ठेवली होती, ती द्यायला कुणी खाटीक पुढे आला नाही.

लोक उपाशी मरत असताना विनोद सुचायचा कुणाला?

जवळजवळ सगळ्यांना. व्यंगचित्रकार शाम याने वेढ्यातल्या खाण्यावर चित्रांचा सपाटाच लावला होता. त्याच्या एका चित्रात माणसाने उंदीर गिळला आहे आणि त्याच्या मागोमाग मांजर थेट त्याच्या तोंडात घुसतं आहे. लाबुशेरला तर एक जण भेटला, त्याने घरी एक धष्टपुष्ट मांजर पोसायला घेतलं होतं. बेत असा की नाताळला ते शिजवायचं आणि टर्कीभोवती सॉसेज मांडतात तशा त्याच्याभोवती उंदीरपिल्लं रचायची.

व्वाझँचा मेन्यू याच जातीचा, फक्त कपडे भारी घातलेला. त्याची गंमत प्राण्यांच्या नावांत नाही, मांडणीत आहे. फ्रेंच मेन्यूत मोठा भाजलेला पक्षी मधोमध आणि छोटे पक्षी भोवती, अशी जुनी मानाची रचना असायची. शोरोंने तीच रचना जशीच्या तशी उचलली आणि मधे मांजर ठेवलं, भोवती उंदीर. जन्मभर ज्यांची शिकार केली तेच मरणानंतर पहाऱ्याला उभे. शिवाय ते कार्ड हातात धरणारा प्रत्येक जण स्वतःच वेढलेला होता, हेही विसरू नका. लांडग्याची तऱ्हा तीच. त्याला दिलेला सॉस हरणाच्या मांसासाठी करतात तो, म्हणजे शिकाऱ्याला त्याच्या भक्ष्याच्या कपड्यात वाढलं. उंट ‘इंग्लिश पद्धतीने’ भाजला, जणू लंडनचा नेहमीचा रोस्ट बीफ. एकाही ओळीत माफी नाही, रडगाणं नाही, ‘परिस्थितीमुळे’ असा शब्द नाही. वरच्या कोपऱ्यातला दिवसांचा आकडा तेवढा सगळं सांगतो.

काळा विनोद कसा लिहावा हे शिकायचं असेल तर मी लोकांना हेच कार्ड दाखवते. लिहिणाऱ्याने कुठेही डोळा मिचकावलेला नाही.

पण हा श्रीमंतांचा विनोद नव्हे का? त्यावर हसणं बरं दिसतं का?

श्रीमंतांच्या टेबलावरचा विनोद आहे, यात शंका नाही. जानेवारीत पावाचंही रेशनिंग झालं, मोठ्या माणसाला दिवसाला तीनशे ग्रॅम, आणि त्यात तांदूळ, ओट आणि पेंढासुद्धा. देवी, विषमज्वर आणि न्यूमोनियाने माणसं मरत होती, सर्वांत आधी लहान मुलं आणि म्हातारी. त्या घरांमधून मेन्यूकार्ड आलेलं नाही.

तरीही मी हसते आणि हसण्याच्या बाजूची आहे. शाम याची चित्रं रांगेतली माणसंही पाहत होती. आपल्याच दुर्दशेवर हसण्याचा हक्क व्वाझँच्या गिऱ्हाइकांपुरता नव्हता. मला राग येतो तो कार्ड तारखेशिवाय, वेढ्याच्या आकड्याशिवाय, नुसती ‘विचित्र पदार्थांची यादी’ म्हणून छापलं जातं तेव्हा. वरची ओळ कापली की विनोद मरतो आणि उरतात फक्त मेलेले प्राणी.

ही कल्पना घेऊन नाताळच्या जेवणाचा खोटा मेन्यू लिहावा म्हणते. चालेल का?

खुशाल लिहा. पदार्थांची नावं खऱ्या मेन्यूसारखी काटेकोर ठेवा, सॉस कुठला ते सांगा, वाइनची सालं द्या. विक्षिप्त प्राणी दोन-तीनच पुरे. मधेमधे साधे मटार, लोणी, मुळे हवेतच. शोरोंच्या यादीतही निम्मे पदार्थ अगदी नेहमीचे आहेत, म्हणून तर बाकीचे अंगावर येतात. पाहुण्यांपैकी कुणी मांस खात नसेल किंवा पाळीव प्राणी नुकताच गमावला असेल, तर त्या टेबलावर हे कार्ड नको.

शोरोंचं पुढे काय झालं?

त्याचं नाव आजही स्वयंपाकघरात आहे, पण हत्तीमुळे नव्हे. लोणी आणि अंड्याच्या बलकाच्या बेआर्नेझ सॉसमध्ये टोमॅटो मिसळून केलेल्या सॉसला ‘शोरों सॉस’ म्हणतात.

वेढा संपला कधी आणि हे खाणं थांबलं कधी?

५ जानेवारी १८७१ ला शहरावर तोफांचा मारा सुरू झाला. १८ तारखेला व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि २८ जानेवारीला युद्धबंदी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला धान्याच्या गाड्या शहरात यायला लागल्या. ब्रिटनमधून लोकवर्गणीची मदतही आली. हत्ती, उंट, लांडगा हे पदार्थ मेन्यूवरून लगेच गेले. घोडा राहिला. पॅरिसमध्ये घोड्याच्या मांसाची दुकानं पुढे विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती.